साडेचारशे वॅटचा हलका डबा

पहिल्यांदा वास आला तेव्हा मला वाटलं, शेजारच्या वाइंडिंगच्या दुकानात व्हार्निश तापवलं असेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जळका वास आला म्हणून कुणी खुर्चीवरून उठत नाही. कुणाची मोटर जळालेली असते, कुणाचं वेल्डिंग चाललेलं असतं. पण हा वास माझ्याच टेबलाखालून येत होता. कॅबिनेटचं झाकण काढलं. ग्राफिक्स कार्डाला जोडलेल्या कन्व्हर्टरचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन एका अंगाला कललं होतं, संपत आलेल्या मेणबत्तीसारखं.

वीज बंद केली, पंखा लावला, आणि मग पंधरा दिवसांचा सगळा घोटाळा डोक्यात उलगडला.

माझं काम म्हणजे फौंड्रीवाल्यांसाठी पॅटर्नची (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या नमुन्याची) थ्रीडी ड्रॉइंग करणं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या पार्ट्या कास्टिंगची फाईल पाठवतात. मी त्यात श्रिंकेज (धातू थंड होताना आकसतो तेवढं) धरतो, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून उतार) देतो, कोअर प्रिंट (आतल्या पोकळीचा गाभा बसायची जागा) काढतो आणि फाईल पॅटर्नवाल्याकडं जाते. मशीन २०१४ चं, असेंबल केलेलं. आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसर, एच८१ बोर्ड. बोर्डातल्याच ग्राफिक्सवर इतकी वर्षं काढली. पण हल्ली पार्ट्या अख्खी असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेलं मॉडेल, पाठवतात. ती फिरवायला गेलं की स्क्रीन गुऱ्हाळातल्या काहिलीसारखी संथ ढवळायची. नवीन मशीनचा हिशेब केला आणि वही मिटली. मग ठरलं: रॅम १६ जीबी करायची, एसएसडी घालायची आणि एक सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड बसवायचं. एवढ्यावर अजून दोन-तीन वर्षं निघतील.

या यादीत एसएमपीएस नव्हताच. (भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा. पुस्तकात पॉवर सप्लाय म्हणतात, पण आपल्याकडं कुठल्याही दुकानात जा, एसएमपीएसच म्हणतात.) आधीचा चालू होता, त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलं होतं, मग कशाला बघायचं? आणि दुकानात कार्ड घेताना ‘याला आठ पिनचा प्लग लागतो, तुमच्याकडं नसेल तर हे घ्या’ म्हणून दीडशे रुपयांचं कन्व्हर्टर हातावर ठेवलं गेलं. एका बाजूला दोन मोलेक्स (जुन्या पद्धतीचे चार पिनचे वीज-प्लग), दुसऱ्या बाजूला आठ पिन. मी घेतलं. दुकानदाराला दोष देतोय तेवढाच मलाही देतोय. मी स्वतः रोज दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढतो, पण स्वतःच्या मशीनचं लेबल अकरा वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं.

पहिले चार दिवस मजेत गेले. मग रेंडर (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढायचं काम) लावलं की मशीन पटकन बंद व्हायला लागलं. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, थेट अंधार. मी आधी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या, मग रॅम पुसून बसवली, मग विंडोज नव्यानं टाकलं. दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी शेजारचे वाइंडरकाका चहा घेऊन आत आले. हा माणूस चाळीस वर्षं मोटरा भरतोय. कॉम्प्युटर त्यांना चालू करता येत नाही, पण वीज त्यांना कळते.

“काय करालायस रं दोन दिवस? दार लावून बसलायस.”

“काका, काम लावलं की बंद पडतंय.”

“लोड आला की बसतंय म्हण की. व्होल्टेज बघितलंस?”

नव्हतं बघितलं. काका मीटर घेऊन आले. मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत प्रोबा घातल्या. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, लाल ५, नारंगी ३.३, काळी अर्थ. मशीन नुसतं चालू असताना १२.१ दाखवत होतं. असेंब्ली उघडून फिरवली, ११.५ झालं. रेंडर लावलं. ११.३, ११.२, आणि अंधार. एटीएक्स, म्हणजे बोर्ड आणि एसएमपीएससाठी ठरलेलं प्रमाण, त्याच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टची ओळ पाच टक्के इकडंतिकडं चालते, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. काकांना हा नियम माहीत नव्हता, तरी ते म्हणाले, “मर्दा, बैलाला ट्रक वढायला लावलायस.”

एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही मी दोन दिवस तसंच काम रेटलं, कारण शनिवारी एक पंप बॉडी द्यायची होती. हळूहळू फिरवायचं, रेंडर लावायचं नाही, असं ठरवून. शुक्रवारी दुपारी विसरलो आणि लावलं. त्या दिवशी मशीन बंद पडलं नाही. कन्व्हर्टर वितळलं.

नंतर बघितलं तर कन्व्हर्टरचे दोन्ही मोलेक्स मी एसएमपीएसच्या एकाच वायरीवर लावले होते. म्हणजे दोन तोंडं, पण पाईप एकच. कार्ड १२५ वॅटचं. त्यातले बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ मिळतात, बाकीचे त्या आठ पिनातून यायचे. चांगल्या एसएमपीएसची स्वतःची आठ पिनची वायर १५० वॅटसाठी असते आणि तिच्यात १२ व्होल्टच्या तीन जाड तारा असतात. माझ्या कन्व्हर्टरमध्ये केसासारख्या तारा आणि ढिले पडलेले जुने मोलेक्स. ढिल्या जागी उष्णता होणारच, हे उद्यमनगरात दहावी नापास पोरालाही कळतं.

आता लेबल. हे मी सावकाश सांगणार आहे, कारण सगळं पाणी इथंच मुरतंय. जुना एसएमपीएस काढून टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसून वाचलं. मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक तक्ता: ३.३ व्होल्टला २० अँपिअर, ५ व्होल्टला २२, १२ व्होल्टला १४, उणे १२ ला अर्धा, आणि स्टँडबायच्या ५ व्होल्टला २. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, एवढं शाळेत झालंय. ३.३ गुणिले २० म्हणजे ६६. ५ गुणिले २२ म्हणजे ११०. १२ गुणिले १४ म्हणजे १६८. शेवटच्या दोन ओळींचे ६ आणि १०. सगळं मिळून ३६०! कंपनीनं स्वतःच छापलेल्या आकड्यांची बेरीज कंपनीनं छापलेल्या ४५० पर्यंत पोचत नाही. दूधवाल्यानं लिटरच्या मापात पाऊण लिटर ओतून वर ‘मोजून घ्या’ म्हणावं, तसं.

आणि त्या ३६० मधलेही माझ्या कामाचे फक्त १६८. पूर्वीच्या मशीनमध्ये प्रोसेसर ५ आणि ३.३ च्या ओळींवर चालायचे, म्हणून त्या ओळी जाड असायच्या. पेंटियम फोर आला तेव्हा, २००० च्या सुमाराला, प्रोसेसरची वीज १२ व्होल्टवर गेली आणि बोर्डावर तो वेगळा चार पिनचा चौकोनी प्लग आला. ग्राफिक्स कार्डही १२ वरच खातं. आज प्रोसेसर आणि कार्ड मिळून जवळजवळ सगळा भार एकाच ओळीवर आहे. स्वस्त डबे मात्र अजून त्या जुन्या वाटणीनं बनवतात, कारण तसं केलं की बेरीज मोठी दिसते. माझा प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड १२५ चं. दोघांचेच २०९ झाले. ओळ १६८ ची. ही वजाबाकी कार्ड घ्यायच्या आधी केली असती तर दोन रात्री झोप मिळाली असती.

काकांना डबा उघडून बघायचा होता. मी नको म्हणालो, ते म्हणाले चल. (तुम्ही उघडू नका. २३० व्होल्टचा एसी सरळ केला की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथंच असतात. काकांनी होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी टेकवून तो रिकामा केला, मगच हात घातला.) आत तीन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. ते वयामुळं, ते समजू शकतो. पण काका बोट ठेवून गप्प बसले ते दुसऱ्याच जागी. वायर आत येते तिथं बोर्डावर कॉईलची जागा छापलेली होती, गोल, ‘एल १’ असं लिहून. तिथं कॉईल नव्हतीच. कॉईलच्या जागी तारेचा सरळ तुकडा ठोकून डाग मारलेला.

“वाइंडिंगच केलं न्हाई,” काका म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शिवी मी ऐकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी नवा एसएमपीएस घ्यायला राजारामपुरीत गेलो. या वेळी वहीत हिशेब लिहून. प्रोसेसर ८४, कार्ड १२५, बोर्ड, रॅम, एक एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क, दोन पंखे असे पन्नास धरले. २६० च्या आसपास. कार्ड मध्येच क्षणभर उसळी मारतं, तिच्यासाठी जागा सोडायची. चांगला ४५० वॅटचा पुरला असता, अगदी निवांत. मी ५५० चा घेतला, कारण पुढं बोर्ड-प्रोसेसर बदलला तरी हा राहावा. दोघांच्या किमतीत पाचेकशे रुपयांचा फरक होता.

पहिल्या दुकानात मला सांगितलं गेलं, “साहेब, ८० प्लसचा अर्थ ५५० मधले ८० टक्केच मिळतात, म्हणून ६५० घ्या.” हे साफ चूक, पण लोक खरं मानतात म्हणून लिहितो. ५५० हे बाहेर मिळणारे वॅट. ८० प्लस हे भिंतीतून किती ओढून ते देतो त्याचं प्रमाणपत्र. त्यातला ब्राँझ दर्जाचा निम्म्या भारावर ८५ टक्के कार्यक्षमतेनं चालतो. म्हणजे २६० द्यायला भिंतीतून ३०६ घेईल, मधले ४६ उष्णता होऊन पंख्यातून बाहेर जातील. जुना डबा सत्तर टक्क्यांवर धरला तर त्याच कामाला ३७० घेत असणार. माझं मशीन दिवसभर पूर्ण भारावर नसतं. सरासरी दोनशे वॅट, दिवसाला आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दहा युनिट वाचतात. त्यावर कुणी बंगला बांधणार नाही, पण उन्हाळ्यात टेबलाखालची शेगडी कमी झाली हे पायांना कळतं. मोठा एसएमपीएस जास्त वीज खातो हाही असाच एक समज. मागतील तेवढेच वॅट तो देतो.

दुसऱ्या दुकानातल्या पोरानं मात्र मला काही न विचारता दोन खोकी उघडून लेबलं समोर धरली. एकावर १२ व्होल्टला ४४ अँपिअर, म्हणजे ५२८ वॅट. ५५० मधले ५२८ एकाच ओळीवर. दुसऱ्या खोक्यावर ‘६०० वॅट’ आणि आत १२ व्होल्टला २५ अँपिअर, म्हणजे ३००. दुसरा निम्म्या किमतीत होता. पोरगं मला म्हणालं, “हातात धरून बघा की काका.” धरले. एकदम फरक कळला. पहिला दगडासारखा, दुसरा रिकाम्या टिफिनसारखा. वजन हे काही शास्त्र नाही, पण तांबं, कॉईल, हीटसिंक आत असतील तर ते कुठंतरी हाताला लागणारच. घरी येऊन किराणावाल्याच्या काट्यावर जुना आणि नवीन ठेवून बघितला. जुना पाऊण किलो, नवीन दोन किलोला थोडा कमी. साडेचार हजारांच्या आत पडला, पाच वर्षांची वॉरंटी. जुना मी साडेसहाशेला घेतला होता, कॅबिनेटबरोबर, आणि तेव्हा स्वस्त पडला म्हणून खूशही झालो होतो.

बसवताना फार त्रास नाही. एटीएक्स हे माप इंटेलनं १९९५ मध्ये काढलं, रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर, चार स्क्रूंच्या जागा ठरलेल्या. एवढ्या वर्षांत प्रोसेसरची सॉकेटं किती बदलली, पण या डब्याचं भोक तेच आहे. लांबी मात्र कमी-जास्त असते, तेवढी फूटपट्टीनं मोजून घ्यावी, मागं डीव्हीडी रायटर अडतो. बोर्डाचा मोठा प्लग २४ पिनचा. फार जुन्या बोर्डांचा २० चा असतो, चांगल्या एसएमपीएसचे शेवटचे चार पिन सुटे होतात. माझ्या बोर्डावर प्रोसेसरसाठी चार पिनचाच प्लग आहे आणि नव्यात आठ पिनचा आला. तो मधून चार अधिक चार असा सुटतो का हे दुकानातच बघून घेतलं होतं. इथं एक जपायचं: प्रोसेसरचा आठ पिनचा आणि ग्राफिक्सचा आठ पिनचा दिसायला भाऊ-भाऊ, पण त्यांच्या प्लस-मायनसच्या बाजू उलट असतात. खाचा वेगळ्या आहेत म्हणून सहज बसत नाहीत. बसत नसेल तर बसवू नका. कोल्हापुरी जोर तिथं लावायचा नाही.

जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर असतो, हल्लीचे खाली बसवायच्या हिशेबानं बनवतात. पंखा आत, प्रोसेसरच्या दिशेला ठेवून बसवला तर माझ्या डब्यावरचं कंपनीचं नाव उलटं दिसलं. पोरगी म्हणाली, “बाबा, उलटा लावलाय.” लावलाय तर लावलाय. प्रोसेसरची वायर मात्र खालून वर पोचेल एवढी लांब, त्यामुळं पुरली आणि थोडी उरली. मागं खोचून ठेवली.

मी सुट्या वायरींचा, म्हणजे मॉड्युलर, मुद्दाम घेतला नाही. माझ्या एका पॅटर्नवाल्या मित्रानं एसएमपीएस बदलताना जुन्या कंपनीच्या वायरी तशाच ठेवून फक्त डबा बदलला होता. टोकं बसली, मशीन चालू केलं आणि दोन हार्ड डिस्क गेल्या. डब्याकडच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. त्यात त्याच्या अकरा वर्षांच्या पॅटर्नच्या फाइली होत्या.

आणि ज्यांच्याकडं ऑफिसातून निघालेली ब्रँडेड सेकंडहँड मशीनं आहेत त्यांनी माझं हे सगळं वाचूनही खरेदीला जायच्या आधी झाकण उघडावं. त्यातल्या बऱ्याच बोर्डांना २४ पिनचा प्लगच नसतो, सहा किंवा आठ पिनचा त्या कंपनीचाच असतो, आणि छोट्या मशीनमध्ये डब्याचं मापही वेगळं असतं. तिथं एसएमपीएस बदलायच्या भानगडीत पडण्यापेक्षा जीटीएक्स १६५० सारखं ७५ वॅटचं कार्ड बघावं. त्याची बरीच मॉडेलं स्लॉटमधूनच वीज घेतात, वेगळा प्लग मागत नाहीत. मीही तेच घेतलं असतं तर? तरी १२ व्होल्टच्या ओळीवर ८४ अधिक ७५ आलेच असते, १६८ च्या डब्यावर, तेही फुगलेल्या कपॅसिटरांसह. नकोच ते.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं संपलं. शनिवारची पंप बॉडी सोमवारी दिली, पार्टीनं दोन शब्द ऐकवले, ऐकून घेतले. मंगळवारी दुपारी लाईट गेली. यूपीएस एकदा ‘टुंई’ करून गप्प आणि मशीनही गप्प. जुन्या डब्यावर हाच यूपीएस दहा मिनिटं टिकायचा! आता नवीन, महागड्या, दगडासारख्या एसएमपीएसवर एक सेकंद नाही. मी दुकानात भांडायला निघालो होतो. काकांनी थांबवलं.

यूपीएसच्या मागं ६०० व्हीए लिहिलेलं होतं, त्याच्या खाली बारीक ३६० वॅट. पुन्हा तेच, मोठा आकडा वर, खरा आकडा खाली. पूर्ण भारावर मशीनचे ३०६, मॉनिटरचे तीसेक, शिवाय राउटर. काठावरच. बॅटरी चार वर्षांची. त्यात नव्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं. काकांना पॉवर फॅक्टर मला शिकवावा लागला नाही, उलट त्यांनीच मला समजावला. हा पीएफसी वीज नीट गोल लाटेत, म्हणजे साइनवेव्हमध्ये, मागतो, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो. त्यात लाईट जाऊन बॅटरी लागेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, तेवढा वेळ एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर तग धरतो. सगळं भरपूर असलं तर निभतं, सगळं काठावर असलं की निभत नाही. नवी बॅटरी घालून बघितली. साधं काम चालू असताना टिकलं, रेंडर चालू असताना तीनदा लाईट गेली त्यात एकदा बंद पडलं. मग १००० व्हीए, ६०० वॅटचा यूपीएस आणला. तो खर्च कुठल्याच यादीत नव्हता. घरात इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांनी इन्व्हर्टर साइनवेव्हचा आहे ना, आणि मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, एवढं वाकून बघावं. दुसऱ्या मोडवर असला तर बॅटरीवर जायला तो जास्त वेळ घेतो. ट्यूबलाईट नुसती लुकलुकते, मशीन बंद होतं.

परवा काका परत मीटर घेऊन आले, स्वतःहून. रेंडर लावायला लावलं. १२.०५ वर काटा... म्हणजे आकडा, काटा कुठला आता. पाच मिनिटं बघत उभे राहिले. हललाच तर ०.०२ नं. शेजारच्या शेडमध्ये लेथ सुरू झाला, ट्यूबलाईट दबली, आकडा तसाच.

“ह्याचं वाइंडिंग केलंया,” म्हणाले आणि चहा प्यायले.

जुना डबा त्यांनीच नेला. तांबं काढतो म्हणाले, तासाभरानं परत आले, तळहातावर चिमूटभर तार. भंगारवाला त्याचा भावही सांगणार नाही. पंखा मात्र चांगला निघाला. तो त्यांनी स्कूटरच्या बॅटरीला जोडलाय आणि भरलेल्या मोटरांवरचं व्हार्निश वाळवायला टेबलाच्या कडेला बांधलाय.